इंदूताईचं विसरणं

आमच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये सगळ्या नंबरांची टाइप केलेली एक यादी होती. इंदूताई गायधने त्या यादीवर चहाची कपबशी ठेवायची. पहिल्या पानावर बशीचे गोल डाग पडले होते, आणि नवी ऑपरेटर आली की तिला स्टोअरचा नंबर त्या डागांखालून शोधावा लागायचा. "तिच्यात काय पाहून राहिली?" इंदूताई म्हणायची. "मले विचार ना."

आणि विचारलं की उत्तर यायचंच. तेव्हा भिलाईत पोलादाचा कारखाना आणि त्याच्याभोवतीचं गाव, सगळंच उभं राहत होतं. मागच्या आठवड्यात जिथे तंबू होता तिथे या आठवड्यात पत्र्याचं ऑफिस, आणि पुढच्या महिन्यात ते ऑफिस दोन मैल पलीकडे. ऑफिस हललं की नंबरही हलायचा. यादी टाइप होऊन येईपर्यंत जुनी झालेली असायची. इंदूताईच्या डोक्यातली कधी जुनी व्हायची नाही.

ती भंडाऱ्याकडची. वडिलांची धानाची शेती. शाळा गावापासून चार कोसांवर होती, तरी हट्टानं मॅट्रिक झालेली. नवरा महादेवराव कारखान्यात फिटर. मी नागपूरची. आमच्या घरात पुस्तकी मराठी बोलायचे, त्यामुळे इंदूताई बाई असून "मी जातो, मी करतो" म्हणायची तेव्हा मला पहिले काही दिवस हसू यायचं. तिच्याकडे सगळ्या बायका तसंच बोलायच्या. पण कानाला हेडफोन लावला की तीच इंदूताई असं हिंदी आणि असं इंग्रजी बोलायची, की मोठमोठे साहेब पलीकडे सावरून बसत असावेत.

बोर्ड म्हणजे भिंतीला लावलेलं मोठं लाकडी कपाट. त्यावर भोकांच्या रांगा आणि प्रत्येक भोकाशेजारी छोटा दिवा. दिवा लागला की समजायचं, कुणाला तरी बोलायचं आहे. एक पिन त्या भोकात खुपसून "नंबर प्लीज" म्हणायचं, आणि दुसरी पिन मागितलेल्या नंबराच्या भोकात. एका वेळी चार-पाच दिवे लागायचे. आमची धांदल उडायची. इंदूताई मात्र गालात एक लवंग धरून, घशासाठी म्हणे, पाचही जणांची मागणी डोक्यात ठेवायची आणि ज्याला त्याला जोडून द्यायची. कुणी जास्त वेळ ताटकळलं की आम्हाला टोकायची. "अव, लाइनीवर माणूस आहे. भांडं नाही खाली ठेवलेलं."

एका उन्हाळ्यात दुपारी बांधकामावरच्या सामाईक फोनवरून एका मजुराचा फोन आला. "दीदी, मोर भाई ला बला दे," एवढंच बोलला आणि फोन बंद. मी म्हटलं, आता याचा भाऊ कोण आणि तो शोधायचा कुठे? इंदूताईनं लवंग या गालातून त्या गालात घेतली. "हा होळीच्या आधी बोलला होता. भाऊ भिलाई-3 ले, रेल्वेच्या साइडिंगवर. म्हशीचं काही सांगून राहिला होता." तिनं साइडिंगच्या ऑफिसला फोन लावला आणि भाऊ सापडला. गावाकडे त्यांची आई शेवटच्या घटका मोजत होती. दोघं भाऊ वेळेत पोचले. पंधरा-वीस दिवसांनी मुंडण केलेली ती दोन माणसं फडक्यात तेंदूची फळं बांधून एक्सचेंजच्या दारात उभी राहिली. मी इंदूताईला विचारलं, तुला कसं आठवलं गं? तिला प्रश्नच कळला नाही. "आवाज तोच होता ना व," ती म्हणाली.

गाठीचं तिनं मला बोर्डावरच सांगितलं. दोन कॉलच्या मध्ये.

"कुसुम, मले छातीत गाठ आहे. नंबर प्लीज... जी सर, होल्ड कीजिए. आवळ्याएवढी आहे."

मी वळून तिच्याकडे पाहिलं. तिची नजर बोर्डावरच होती.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. पोस्ट ऑफिस? लगा देती हूँ. दुखत नाही, म्हणून बोलली नाही."

तेव्हा संक्रांत होऊन गेली होती.

नागपूरला ऑपरेशन झालं. मग दीड महिना मशिनीखाली झोपवून किरणांचा शेक दिला. शेक, असंच म्हणायचे सगळे. कॅन्सर हा शब्द कुणी उच्चारत नव्हतं. महादेवरावही "ते दुखणं" म्हणायचे. आणि शेक संपल्यावर डॉक्टरांनी नवीन निघालेलं एक औषध सुरू केलं. दर तीन आठवड्यांनी नागपूरला जायचं, शिरेतून इंजेक्शन घ्यायचं आणि ओकाऱ्या काढत परत यायचं. रजा संपली होती, म्हणून मधल्या दिवसांत ती कामावर यायला लागली. डावा हात सुजलेला. पोलक्यात एका बाजूला कापडाची घडी. केस विरळ झाल्यामुळे पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला. बोर्डाच्या वरच्या रांगांपर्यंत डावा हात पोचत नव्हता, तर तिनं दोन दिवसांत सगळं उजव्यानं करायची सवय लावून घेतली. आम्हाला वाटलं, जिंकली इंदूताई.

साधारण दुसऱ्या इंजेक्शननंतरची गोष्ट. एका मोठ्या साहेबांनी ड्रॉइंग ऑफिस मागितलं आणि इंदूताईनं त्यांना कॅन्टीन जोडून दिलं. साहेब नकाशांबद्दल विचारतायत आणि पलीकडून कॅन्टीनवाला सांगतोय, आज समोसे नाहीत. आमचे सुपरवायझर पिल्लेसाहेबसुद्धा हसले. "इंदिरा मॅडम, आप भी गलती करती हैं? चलो, अच्छा लगा." सगळ्या मुली हसल्या. इंदूताई हसली नाही. चहाच्या सुटीत तिनं मला मागच्या व्हरांड्यात नेलं आणि माझं मनगट धरलं.

"चूक नाही झाली व, कुसुम. चूक झाली असती तं काही नव्हतं. मले ड्रॉइंग ऑफिस म्हणजे काय तेच नाही समजलं. शब्द आयकू आला. पण आत काहीच नाही. आंधार."

"थकली आहेस तू."

"थकवा मले मालूम आहे. थकवा असा नसते."

मग मी लक्ष ठेवायला लागले आणि मला दिसायला लागलं. आधी पाच मागण्या डोक्यात ठेवणारी बाई आता दुसरा दिवा लागला की पहिला विसरायची. "एक धरलं की दुसरं सुटते," ती म्हणायची. बोलता बोलता शब्द हरवायचा. गाळणीला "ते... चहाचं, भोकाभोकाचं" म्हणाली एकदा, आणि मग आपणच दचकून तोंडावर हात ठेवला. माहेरचं पत्र आलं की वाचायची, शेवटच्या ओळीला पोचायची आणि पुन्हा वरून सुरू करायची. तीन-तीनदा. मग घडी घालून ठेवून द्यायची आणि मला म्हणायची, "तू वाच अन् मले दोन शब्दांत सांग."

एके दिवशी पिल्लेसाहेबांची पाठ असताना तिनं कपबशी उचलून बाजूला ठेवली आणि यादी उघडली. मी पाहिलं असं तिला कळू नये म्हणून मी मान फिरवली. नंतर ती तळहातावर नंबर लिहून आणायला लागली. इस्पितळ, फायर ब्रिगेड, जनरल मॅनेजर. मे महिन्यात घामानं दहा वाजेपर्यंत तळहात निळा व्हायचा आणि नंबर पुसून जायचे. मग ती न्हाणीघरात जाऊन पुन्हा लिहून यायची. दिवसातून चारदा. मला कळेना, ती काम करतेय की लपवण्याचंच काम करतेय.

तिला कसली भीती वाटते हे तिनं मला एकदाच नीट सांगितलं. जेवणाच्या सुटीत आम्ही डबे उघडून बसलो होतो.

"आमच्या गावात माही एक मावशी होती. बाळंतपणानंतर तिचं डोकं फिरलं. गोठ्यात खांबाले बांधून ठेवलं होतं तिले. आमी पोट्टे लपून पाहाले जाऊ. ती आमच्याकडे पाहून हासे अन् आमची नावं घे. पण चुकीची घे." तिनं पोळीचा तुकडा तसाच हातात धरला होता. "मले मरणाचं भेव नाही वाटत एवढं. मले वाटते, ती गाठ डोक्यात चढून राहिली. नाही तं मी वेडी होऊन राहिली. दोनातलं एक. कुसुम, मले बांधून नको ठेवू देजो."

मी म्हटलं, काहीतरी बोलू नकोस. खरं म्हणजे मीही तोपर्यंत तेच दोन विचार करत होते.

तिचं क्वार्टर सेक्टरमध्ये, म्हणजे कारखान्याच्या नव्या वसाहतीत होतं. तेव्हाचे सेक्टर ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना सांगायला हवं, की सगळी क्वार्टर एकसारखी होती. एकच रंग, एकच दार, तेच दोन पायऱ्यांचं अंगण, आत शिरल्यावर डावीकडे तेच स्वयंपाकघर. झाडं अजून गुडघ्याएवढी होती, त्यांचीही खूण धरता यायची नाही. नवी माणसं सुरुवातीला चुकायची आणि त्यावर चेष्टा व्हायची.

एका संध्याकाळी इंदूताई कामावरून निघाली, गल्लीत शिरली, दार उघडंच होतं, आत गेली. पिशवी खुंटीला लावली. स्वयंपाकघरात जाऊन चुलीवर आधण ठेवलं. चहाचा डबा फळीवर नव्हता. तिला वाटलं, मालानं, म्हणजे तिच्या अकरा वर्षांच्या मुलीनं, कुठेतरी ठेवला. ती एकेक डबा उघडून पाहायला लागली. एवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली, कडेवर मूल.

"कोन आव दीदी? काला खोजत हस?" कोण तुम्ही, काय शोधताय, असं ती विचारत होती.

हे सगळं इंदूताईनं दुसऱ्या दिवशी मला सांगितलं, बोर्डाकडे पाठ करून, अगदी हळू आवाजात. "मी तिले म्हटलं, तू कोन? माह्या घरात काय करून राहिली? तिच्यावर ओरडली व मी. तिच्याच घरात."

ती बाई छत्तीसगढी, कॅम्प-1 च्या मजूरवस्तीतून नुकतीच क्वार्टरात राहायला आलेली. तिनं आरडाओरडा केला नाही. इंदूताईला पाटावर बसवलं, त्याच आधणात चहापत्ती टाकली आणि कप हातात दिला. मग विचारलं, दीदी, तुमचं क्वार्टर कुठलं? इंदूताईला नंबर सांगता येईना. स्ट्रीट सांगता येईना. हजारो नंबर जिच्या डोक्यात होते तिला स्वतःच्या घराचा नंबर आठवेना. शेवटी त्या बाईनं मूल कडेवर आणि दुसऱ्या हातात इंदूताईचा हात धरून तिला एकेका गल्लीतून फिरवलं. चौथ्या गल्लीत माला दोरीच्या उड्या मारत होती. "आई, कुठे गेली होतीस?" म्हणून ती पळत आली.

"तिनं आई म्हटलं," इंदूताई म्हणाली, "तवा मले समजलं का हे माहं घर आहे."

त्या दिवसानंतर महादेवराव रोज सुटीच्या वेळी एक्सचेंजच्या फाटकाशी सायकल घेऊन उभे असायचे. कधी म्हणायचे, इकडून जाऊन राहिलो होतो. कधी म्हणायचे, आज लवकर सुटी झाली. शिफ्ट सुटायचा भोंगा तर सगळ्या गावाला ऐकू यायचा, आणि तो व्हायला अजून अर्धा तास असायचा. कुणाला तरी विनवून, कामाची अदलाबदल करून ते येत असणार. इंदूताई काही न बोलता कॅरियरवर बसायची. दोघंही एकमेकांना कळू देत नव्हते आणि दोघांनाही कळत होतं.

एका खेपेला महादेवरावांना जाता आलं नाही, म्हणून मी तिच्याबरोबर नागपूरला गेले. डॉक्टरांना विचारायचं म्हणून तिनं एका कागदावर लिहून आणलं होतं. डॉक्टर घाईत होते. त्यांनी जखम पाहिली, हात पाहिला, ठीक आहे म्हणाले. इंदूताई उठली. दारापर्यंत आली. ती कागद विसरली हे माझ्या लक्षात आलं. मी तिच्या पिशवीतून तो काढला आणि डॉक्टरांपुढे ठेवला. त्यावर एकच ओळ होती. मी वेडी होत आहे का?

डॉक्टरांनी कागद वाचला. वाईट माणूस नव्हता तो. त्यांनी तिला परत बसवलं, डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली, गुडघ्यावर हातोडी मारली, बोट नाकाला लावायला सांगितलं. "डोक्यात काही गेलेलं दिसत नाही," ते म्हणाले. "काळजीनं होतं असं. या आजारात बायका फार काळजी करतात. मन कशात तरी रमवा."

"इंजेक्शनानं होते का?" इंदूताईनं विचारलं.

"इंजेक्शनाचा डोक्याशी काय संबंध?"

परतीच्या पॅसेंजरमध्ये ती खिडकीशी बसली होती. गोंदिया गेलं, डोंगरगढ आलं. मग म्हणाली, "मन रमवा म्हणते. रमवाले मन तं सापडलं पाहिजे." आणि थोड्या वेळानं, "कुसुम, आपण जाऊन राहिलो का येऊन राहिलो?"

मी सांगितलं, येतोय आपण. परत घरी. तिनं मान हलवली. दुर्ग येईपर्यंत मी तिच्या पदराचं टोक हातात धरून ठेवलं होतं, तिला न कळू देता.

पावसाळ्यात तो फोन आला. सेक्टरमधल्या एका शाळेतून. दिवा इंदूताईच्या बाजूला लागला, तिनं पिन लावली. पलीकडे कुणी मास्तरीणबाई होत्या, त्यांचा आवाज माझ्या हेडफोनशिवायही मला ऐकू आला. शाळेच्या आवारात एका मुलाला साप चावला होता. इस्पितळ, जल्दी, अॅम्ब्युलन्स, जल्दी.

"जी," इंदूताई म्हणाली. तिनं दुसरी पिन उचलली. आणि तो हात बोर्डासमोर थांबला.

वरच्या रांगेपासून खालच्या रांगेपर्यंत तिची नजर फिरली. तिनं तळहात उलटा केला. तळहात निळा होता. पलीकडून मास्तरीणबाई "हॅलो, हॅलो" ओरडत होत्या. इंदूताईचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. मी माझी पिन टाकून उठले, तिच्या हातातली पिन घेतली आणि इस्पितळाच्या भोकात घातली.

किती वेळ गेला असेल? चार श्वास, पाच श्वास. पोरगं वाचलं, ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. पण त्या क्षणी ते कुणालाच माहीत नव्हतं. कॉल संपला. इंदूताईनं हेडफोन काढला, बोर्डाच्या कडेला ठेवला आणि उभी राहिली.

मी तिचा हात धरला. "कुणी पाहिलं नाही. बस खाली. मी आहे ना शेजारी. आपण दोघी मिळून करू."

"तू लपवशील, मी लपवीन," ती म्हणाली. "अन् त्या पोराच्या मायनं काय करावं?"

ती सरळ पिल्लेसाहेबांच्या टेबलाशी गेली. त्यांना हिंदीत सांगितलं, शांतपणे, फोनवर बोलायची त्याच आवाजात. सर, मैं बोर्ड पर नहीं बैठूँगी. मुझे नंबर याद नहीं रहते. पिल्लेसाहेबांना आधी ते गंमत वाटली. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, मागच्या खोलीत नादुरुस्त फोनच्या तक्रारी नोंदवायचं काम आहे, ते सांभाळाल का?

मागच्या खोलीतली इंदूताई वेगळीच बाई होती. एका वेळी एकच काम. तक्रार ऐकायची, तिथल्या तिथे लिहायची, लिहिलेलं फोनवर वाचून दाखवायचं आणि मगच पुढची घ्यायची. कुणी मध्ये बोललं तर हात वर करून थांबवायची, मग तो कितीही मोठा साहेब असो. लपवायचं मात्र तिनं सोडून दिलं. मालाला तिनं सांगून ठेवलं होतं, "मी तेच-तेच विचारलं तं सांगत जा मले. हासू नको, अन् लपवू बी नको." माला शहाणी मुलगी. "आई, हे तिसऱ्यांदा," एवढंच म्हणायची आणि उत्तर द्यायची. पण तिच्या घरी गेलं की मला दिसायचं, इंदूताई सारखी दाराकडे पाहतेय. कुणीतरी आपल्याला बांधून न्यायला येईल अशी.

इंजेक्शनं संपली. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. केस आले, कुरळे आले, त्याचं तिलाच नवल. आणि एक दिवस पिल्लेसाहेब बाहेरच्या खोलीत मोठ्यानं विचारत होते, अरे, पॉवर हाउस का नया नंबर क्या है, आणि आम्ही मुली यादी चाळत होतो, तेव्हा मागच्या खोलीतून तो नंबर आला. स्पष्ट. आम्ही सगळ्या वळून पाहायला लागलो. दारात इंदूताई उभी होती, आमच्यापेक्षा तीच जास्त दचकलेली. "मी बोलली का हे?" तिनं विचारलं.

हळूहळू बरंच परत आलं. सगळं नाही. तीन-चार माणसं एकदम बोलायला लागली की अजून तिचा चेहरा कोरा व्हायचा. पिल्लेसाहेबांनी तिला बोर्डावर बोलावलं. एका दुपारी ती येऊन बसली, दहा-बारा कॉल बिनचूक दिले आणि उठली. "नको," म्हणाली. "चुकली नाही आज. पण माहा मलेच भरोसा नाही. अशा माणसानं इथं बसू नये." मी तिला पुन्हा कधी आग्रह केला नाही.

डोकं इंजेक्शनांमुळेच गेलं होतं, हे तिनं आपल्या आपण ठरवून टाकलं होतं. "सुरू झालं तवा गेलं, बंद झालं तवा आलं. याले डॉक्टर कशाले पाहिजे?" एवढं कळल्यावर वेड लागण्याची भीती तिच्या मनातून गेली असावी. मला तरी तसं वाटलं.

पुढे दोन वर्षांनी तिची कंबर दुखायला लागली. आधी वाटलं, पाणी भरताना लचक भरली. नागपूरला फोटो काढले. दुखणं हाडात गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, पुन्हा इंजेक्शनं द्यावी लागतील, तेच औषध, जास्त दिवस.

मी गेले तेव्हा ती अंगणात सुपात तांदूळ निवडत बसली होती. शेजारी बसायला तिनं पोतं सरकवलं.

"घेतलं तं डोकं जाते," ती म्हणाली. "नाही घेतलं तं मी जातो. यानं तं माह्यावरच सोडलं." यानं म्हणजे महादेवरावांनी. ते आत होते, दाराआड, ऐकत असणार.

"तू काय ठरवलंस?"

तिनं एक खडा काढून फेकला. "मालाची पुढच्या साली मॅट्रिक आहे." बोटं तांदळात फिरत राहिली, पण खडे निवडत नव्हती. "कुसुम, मले एक सांग. डोक्याबिगर बी माय मायच असते ना व?"

ती खरंच विचारत होती. उत्तर हवं होतं तिला. मी तिच्या सुपातले तांदूळ माझ्या पुढ्यात ओढले आणि निवडायला लागले.

तिनं इंजेक्शनं घेतली. जे काय होणार ते या वेळी तिला आधीपासून ठाऊक होतं, आणि तरी ती गेली. मालाची मॅट्रिक झाली, पास झाली. तोवर इंदूताईला नागपूरच्या इस्पितळातच ठेवलं होतं, कारण पॅसेंजरचा प्रवास तिच्या कमरेला सोसत नव्हता. मी कामातून वेळ काढून एकदा तिला भेटायला गेले. पहिल्या मजल्यावर बायकांचा वॉर्ड होता. मी दारात पोचले तेव्हा ती आपल्या खाटेवर नव्हती. भिंतीचा आधार घेत घेत ती दोन खाटा पलीकडे गेली होती आणि नव्यानं आलेल्या एका बाईच्या पायथ्याशी बसली होती. ती बाई खेड्यातली, तरुण, पदराचा बोळा तोंडात धरून रडत होती. तिला दुसऱ्या दिवशी पहिलं इंजेक्शन मिळणार होतं.

"ओकाऱ्या होतील," इंदूताई तिला सांगत होती. "केस जातील, ते वापस येतात. अन् तुले विसराले होईल. नावं विसरशील, भाजीत मीठ टाकलं का नाही ते विसरशील. घरचे म्हणतील हिचं डोकं फिरलं. ते वेड नाही. आयकलं का? ते औषधाचं आहे. मले कोनी सांगितलं नव्हतं, म्हणून तुले सांगून राहिली."

ती बाई रडायची थांबून तिच्याकडे पाहत होती. इंदूताई पुढे काही सांगणार होती, आणि शब्द अडला. मी दारातून पाहिलं. पूर्वी अशा वेळी तिचा हात तोंडावर जायचा. आता ती नुसती थांबली, ओठ मिटून, पाणी तापायची वाट पाहावी तशी. ती बाईही थांबली. मग शब्द आला आणि इंदूताई पुढे बोलली.

तिनं मला पाहिलं. हसली, हात केला. "ये ना व. ही माही..." ती त्या बाईला सांगायला लागली आणि थांबली. माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. आमची नऊ वर्षांची सोबत होती. मी नाव सांगायला तोंड उघडलं, तर तिनं मान हलवली. "नको सांगू. बस. येईल."

मी बसले. तासभर आम्ही बोललो, मालाबद्दल, महादेवरावांबद्दल, एक्सचेंजमध्ये आता आपोआप नंबर लागणारं यंत्र येणार आहे त्याबद्दल. तिला मी कोण हे माहीत होतं, सगळं माहीत होतं, नाव तेवढं सापडत नव्हतं. मध्येच ती गप्प व्हायची आणि मला कळायचं की ती आत शोधतेय. मला गाडी गाठायची होती. निघताना तिनं माझा गाल कुरवाळला आणि "जा बाई" म्हणाली.

मी जिना उतरले, आवार ओलांडून फाटकापाशी आले. तिथे रिक्षा पाहत उभी होते, आणि मागून हाक आली.

"कुसुम! अव कुसुम!"

आवारातली सगळी माणसं वर पाहायला लागली. पहिल्या मजल्याच्या व्हरांड्यात इंदूताई कठडा दोन्ही हातांनी धरून उभी होती. त्या कमरेनं ती तिथवर कशी आली कुणास ठाऊक. शेजारी ती नवी बाई तिला दंडाला धरून उभी होती.

"आलं व, आलं!" इंदूताई वरून ओरडली.

मी हात वर केला. ती हसत होती, धापा टाकत होती. मागून एक नर्स तिला आत न्यायला धावत येताना दिसली.